सुखान्ताचा हक्क

दुःखितांविषयी कणव बाळगणे समाजाला सोपे जाते; तीच माणसे सुखी झालेली पाहणे मात्र त्याला जड जाते. साहित्यात समलिंगी माणसांच्या वाट्याला जे आले, त्यावरून याची खात्री पटते. ई. एम. फॉर्स्टर यांनी दोन पुरुषांच्या प्रेमावरील ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१४ मध्ये लिहून पूर्ण केली. ती प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर. शेवट शोकान्त केला असता तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, असे खुद्द फॉर्स्टर यांनीच लिहून ठेवले आहे. प्रेमिकांना सुखात सोडले, हाच काय तो त्यांचा अपराध! आपल्याकडे तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने १९८१ मध्ये स्त्रीच्या स्त्रीवरील प्रेमाला रंगभूमीवर वाचा फोडली. तिचे ऋण मोठे आहे; परंतु तिथेही नायिकेची अखेर मृत्यूतच झाली.

या पार्श्वभूमीवर अमेरिकन लेखक अँड्र्यू शॉन ग्रीअर यांच्या ‘लेस’ (२०१७) या विनोदी प्रेमकादंबरीकडे पाहावयास हवे. तिला २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. नायकाचे आडनाव लेस, म्हणजे ‘उणा’. पन्नाशीला टेकलेला हा बेताच्या यशाचा लेखक, पूर्वीच्या प्रियकराच्या लग्नाला जाणे टाळण्यासाठी जगभरची मिळतील ती आमंत्रणे स्वीकारतो. बर्लिनमध्ये तो मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे जर्मन बोलतो, मोरोक्कोत पन्नाशी ओलांडतो आणि जपानात पारंपरिक भोजनावर लेख लिहिण्यासाठी पंक्ती झोडतो. हसता हसता वाचक एका गंभीर वाक्यापाशी थबकतो. म्हातारा होणारा जगातील पहिलाच समलिंगी पुरुष आपण असावा, असे या माणसाला वाटते.

या विनोदाच्या तळाशी स्मशान आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. १९९६ च्या सुमारास परिणामकारक संयुक्त औषधोपचार मिळू लागेपर्यंत नायकाच्या आधीच्या पिढीतील असंख्य माणसे अकाली गेली. म्हातारे कसे व्हावे, हे दाखवायला वडीलधारेच उरले नाहीत. सुटलेल्या पोटाची चिंता, व्यायामाचे मोडलेले संकल्प, जेवणातली पथ्ये या गोष्टी आपल्याला क्षुल्लक वाटतात. परंतु उद्या आपण असणार, याची खात्री ज्याला आहे तोच त्यांची चिंता करतो.

आक्षेप येईल की हे सुखवस्तू माणसाचे चोचले आहेत. आक्षेप रास्त आहे, आणि कादंबरीला तो ठाऊकही आहे. सॅन फ्रान्सिस्कोत उदासपणे भटकणाऱ्या मध्यमवयीन पुरुषावर लेसने लिहिलेली कादंबरी प्रकाशक नाकारतो. अशा गोऱ्या, सुस्थितीतल्या माणसाची कीव करणे कठीण आहे, असे एक सहप्रवासी स्त्री त्याला स्पष्ट सुनावते. पुढे केरळमध्ये तो त्याच कथेची सुखान्तिका करू लागतो. स्वतःच्या दुःखाचे देव्हारे माजवणे सोडून स्वतःला हसणे, हाच या पुस्तकातला आत्मशोध.

तरीही प्रश्न उरतोच. विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करून स्वतःला शोधण्याची सोय किती जणांना आहे? मुंबईच्या एका खोलीत सहा माणसांसह राहणाऱ्या तरुणाला प्रेम करायला बंद करता येईल असे दारही नसते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र त्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. भीती कायद्याने कमी झाली. पण घर, रोजगार आणि उतारवयातील सोबत यांची हमी कोणी दिलेली नाही. ती मागणे हे समतेच्या चळवळीचे काम आहे.

मात्र न्याय मिळेपर्यंत हसू नका, असे पीडितांना सांगण्याचा अधिकार कोणत्याही चळवळीला नाही. ज्याच्या मरणावर आपण अश्रू ढाळले, त्याच्या सुटलेल्या पोटाला त्याच्यासोबत हसता येणे, ही बरोबरीची पहिली खूण आहे. दयेला पात्र ठरण्यासाठी माणसाला मरावे लागू नये. सुखाने, थोडे हास्यास्पद होत म्हातारे होण्याचा हक्क त्यालाही आहे.