कचेरीचे दार

अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूर नावाचे गाव आहे. येथील घरांना दारे न लावण्याची जुनी रीत आहे. चौकट असे, पण तिला कवाडे नसत. गावचे दैवत शनिदेव. त्यांची शिळादेखील छपरावाचून, उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. येथे चोरी करणारास शनिदेव शासन करतात, अशी लोकांची श्रद्धा. अलीकडे काही घरांना दारे आली आहेत. तरीही ही रीत पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. २०११ साली युको बँकेने येथे शाखा उघडली, तीही नेहमीच्या कुलपावाचून!

या गावाचे नाव निघाले, की मला दुसऱ्या एका दाराची आठवण होते. ते दार सरकारी कचेरीचे. दिसावयास ते दिवसभर उघडेच असते. परंतु अर्ज एकदा आत गेला, की तो कोणाच्या टेबलावर आहे, कशासाठी अडला आहे आणि केव्हा बाहेर येईल, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसास समजत नाही. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्या भाषेत उगीच आली नाही.

मुलांनो, परवाना मुळात हवाच कशाला, असे तुम्ही विचाराल. घर बांधणाऱ्याने शेजाऱ्याचा उजेड अडवू नये, खानावळ चालविणाऱ्याने स्वच्छ अन्न द्यावे, रस्त्यावर मंडप घालणाऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट ठेवावी, यासाठी परवाने असतात. सर्वांच्या हितासाठी केलेला हा नियम आहे. म्हणून नियम पाळणारास परवाना मिळणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक्क आहे.

आता असे समजा, की एका गरीब माणसास देवस्थानाच्या वाटेवर लहानसे उपाहारगृह काढावयाचे आहे. तो अर्ज देतो. आठ दिवसांनी जातो, तर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे उत्तर मिळते. पुन्हा जातो, तर एक कागद कमी असल्याचे कळते. तिसऱ्या खेपेस आणखी एक कागद निघतो. प्रत्येक हेलपाट्याला एका दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे पडते, ते वेगळेच. अशा वेळी कचेरीबाहेरचा दलाल हळूच म्हणतो, ‘थोडे पैसे द्या, काम करून देतो.’ अंधारात ज्याला वाट ठाऊक असते, तो वाट दाखविण्याचेही पैसे घेतो! श्रीमंत ते देऊन मोकळा होतो. गरीब मात्र खेटे घालीत राहतो. यात प्रामाणिक कारकुनाचेही नुकसान आहे. आतले काहीच दिसत नसल्यामुळे लोक चांगल्या-वाईटाला एकाच मापाने मोजतात.

या अंधारावर उपाय आहे, आणि तो आपल्या राज्याने ओळखलाही आहे. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. त्यासाठी झगडणारे अण्णा हजारे याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे अमलात आला. कोणाकोणाला परवाने दिले, याचा तपशील कचेरीने कोणी न मागताही प्रसिद्ध करावा, असे त्यात सांगितले आहे. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, शुल्क किती आणि अधिकारी कोण, हे कचेरीने फलकावर लावले पाहिजे. अर्जाची पोच दिली पाहिजे. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळविले पाहिजे. त्यावर अपील करता येते. सबळ कारणावाचून चुकारपणा करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

परदेशातही असे प्रयत्न झाले आहेत. दक्षिण कोरियाच्या सोल शहराने १९९९ साली नागरिकांचे अर्ज संगणकाच्या जाळ्यावर आणले. आपला अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, हे नागरिकाला घरबसल्या दिसू लागले.

कोणी म्हणेल, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ ही म्हण घरच्या गोष्टींना शोभते. अर्जदाराचे आजारपण किंवा त्याच्या घरातील खाजगी बाबी झाकल्याच पाहिजेत. परंतु अर्ज कोठे आहे आणि तो कोणत्या नियमाने मंजूर झाला, हे झाकण्याचे कारण काय? कर नाही त्याला डर कशाला?

दुसरी शंका अधिक खरी आहे. सर्व काही संगणकावर टाकले, तर ज्याच्याजवळ ते साधन नाही, त्याच्यासमोर नवे दार बंद होते. आणि फलक लावला, पण त्यावरील भाषा कोणास समजली नाही, तर तो असून नसून सारखाच. याच तालुक्यातील नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. जे थोड्यांनाच कळत होते, ते सर्वांना कळू लागले. जेथे गीतेचे गहन तत्त्वज्ञान लोकांच्या भाषेत आले, तेथे दुकानाच्या परवान्याचा अर्ज सोप्या मराठीत लिहिणे अवघड का असावे?

शनिशिंगणापुरातही २०१५ साली पोलीस ठाणे उघडले. श्रद्धेला कायद्याची जोड लागतेच. त्याचप्रमाणे कायद्यालाही जागरूक लोकांची जोड लागते. फलक कोणी वाचलाच नाही, पोच कोणी मागितलीच नाही, तर चांगला कायदाही कपाटात पडून राहतो. म्हणून तुम्ही वडीलधाऱ्यांबरोबर कचेरीत गेलात, तर भिंतीवरील फलक त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. अर्जाची पोच नम्रपणे मागा आणि तिच्यावरील तारीख वहीत टिपून ठेवा. दार आतून उघडणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. ते पुन्हा लागू न देणे हे आपले.