रात्रीचे कृष्णधवल चित्रपट



१९९५ सालानंतर केबलवर एक गंमत असे. दिवसभर ज्या चॅनलवर कार्टून चाले, त्याच जागी रात्री टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट सुरू होत. पुष्कळ घरांत तेव्हा चॅनल बदलले जाई. काळेपांढरे चित्र, भराभर इंग्रजी आणि गाणे एकही नाही, मग बघायचे काय? ती सोय आता राहिलेली नाही. पण इंटरनेट जोडलेल्या टी.व्ही.वर हे चित्रपट शोधले तर सापडतात. त्यांतले काही आपल्या घरांतून आवर्जून पाहिले जावेत, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हॉलिवूडमध्ये गुन्ह्यांचे असे चित्रपट निघाले की, त्यांत नायकाचा विजय ठरलेला नसे. सावल्या दाट, माणसे पैशापायी किंवा मोहापायी बुडणारी. फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली त्यांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, हे नाव दिले. नाव भारी आहे, पण त्यांतली बरीच माणसे विमा एजंट, हिशेबनीस, पोलीस अशी नोकरीपेशाचीच.

बिली वाइल्डर यांचा 'डबल इंडेम्निटी' (१९४४) घ्या. विमा एजंट एका बाईच्या नादी लागतो. मोटारीच्या विम्याचा कागद म्हणून तिच्या नवऱ्याची अपघात पॉलिसीवर सही घेतली जाते. आगगाडीच्या अपघातात मेला तर दुप्पट रक्कम! पुढचे लपवण्यासारखे नाही, कारण एजंट सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. खरी मजा आहे ती क्लेम खात्यातल्या कीज या माणसात. एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी तो झकास उभा केला आहे. मयताचा पाय आधी मोडला होता, पॉलिसीही होती. मग त्याने पायाचा क्लेम का केला नाही? ज्याचे आयुष्य फायली चाळण्यात गेले, त्याला या प्रश्नाचे मोल कळेल.

'डी.ओ.ए.' (१९५०) मधला हिशेबनीस पोलिसांकडे येऊन खुनाची खबर देतो, आणि खून झालेला असतो त्याचाच. त्याला विष दिले गेले आहे, कारण नोटरी म्हणून त्याने एका विक्रीपत्रावर शिक्का मारला होता. दीड तासाच्या आत संपतो.

पण एकच पाहणार असाल तर जोसेफ मॅन्किविट्झ यांचा 'नो वे आउट' (१९५०) पाहा. सिडनी पॉइटिए तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. ते झाले आहेत डॉ. ल्यूथर ब्रुक्स, सरकारी इस्पितळातले कृष्णवर्णीय डॉक्टर. गोळी लागलेले दोघे गोरे दरोडेखोर भाऊ त्यांच्यापुढे येतात. एकाच्या मेंदूत गाठ असावी, असा ल्यूथरचा कयास. तपासणी करताना तो मरतो. दुसरा भाऊ ओरडतो, या काळ्याने मारले! शवविच्छेदन केले की खरे-खोटे होईल, पण तो परवानगीच देत नाही. इकडे वस्त्यांत दंगल पेटते. वरिष्ठ डॉक्टर पाठीशी आहेत, पदवी आहे, परवाना आहे, तरी मनात शंका शिरतेच: आपले चुकले तर नसेल? ही शंका काय असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ल्यूथर शेवटी शवविच्छेदन कसे घडवून आणतो, ते आम्ही सांगत नाही. पॉइटिए यांना पुढे १९६४ साली प्रमुख अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष.

जोडीला 'ऑड्स अगेन्स्ट टुमारो' (१९५९) आहे. हॅरी बेलाफॉन्टे यांच्या स्वतःच्या कंपनीने तो काढला. तिघे बँक लुटायला निघतात. पण त्यांतला गोरा कृष्णवर्णीय साथीदाराच्या हाती गाडीची किल्ली द्यायला तयार होत नाही. बेत फसतो तो तिथेच.

'नो वे आउट'मध्ये शिवीगाळ फार आहे, तेव्हा लहान मुले झोपल्यावर लावावा. खाली इंग्रजी अक्षरे येतात ती चालू ठेवावीत. दहावी-बारावीची मुले आजीला अर्थ सांगू शकतील. आणि शोधताना साल नीट पाहावे. १९८७ सालचा याच नावाचा दुसरा चित्रपट आहे, त्याची कथा अगदी वेगळी.