मसाल्याचा हिशेब कुठल्या खात्यात?

‘तुझ्या मसाल्यात काही उरत नाही.’ पुढे दुकान आणि मागच्या खोलीत बाईचा छोटा उद्योग, अशा घरांमध्ये हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय. मसाल्याच्या जागी पापड घाला, लोणची घाला, पिको-फॉल घाला, वाक्य तेच. गंमत अशी, की ते खरं की खोटं हे सांगणारा कागद त्या घरात नसतोच.

मी तालुक्याच्या गावी सात-आठ दुकानांचे हिशेब लिहिते. किर्द-खतावणीच्या लाल वह्या जाऊन टॅली आलं, तरी खाती मांडली जातात ती करासाठी. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून तर खरेदी-विक्री कराच्या दराप्रमाणे वेगळी लावावी लागते. ते हवंच. पण त्यातून कर किती भरायचा ते समजतं, कशात किती मिळालं ते नाही.

गेल्या वर्षी एका किराणा दुकानाचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या वहिनी मसाले करतात आणि दिवाळीला फराळ. मिरची मार्च-एप्रिलमध्ये एकदम घ्यायची. तो मोठा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो आणि दुकानाच्या खरेदीत जातो. विक्री मात्र पाव किलो, अर्धा किलो अशी वर्षभर गल्ल्यात विरघळते. खर्च सगळ्यांना दिसला, उत्पन्न कुणालाच नाही. भाऊजी वाईट माणूस नाहीत हो, पण समोर जो आकडा दिसणार त्यावरच माणूस बोलणार ना?

टॅलीत यावर सोय आहे. तिला म्हणतात कॉस्ट सेंटर. एफ-११ दाबून ती चालू करायची, मग आपल्याला हव्या त्या नावाची सेंटर्स तयार करायची. आम्ही चारच केली : दुकान, मसाले, फराळ आणि सामाईक. खरेदी, मजुरी, गॅस अशा खात्यांना ‘कॉस्ट सेंटर लागू’ असं सांगून ठेवलं, की नोंद करताना ते विचारतं, ही रक्कम कुणाची? एकाच बिलात दुकानाची साखर आणि फराळाची साखर असेल तर रक्कम तोडूनही लावता येते. मूळ खाती आणि जीएसटी तसेच राहतात. वर्षाच्या शेवटी प्रत्येक सेंटरचा जमा-खर्च वेगळा निघतो.

‘कशाला वाढवता काम?’ असं भाऊजी म्हणालेच. काम वाढतं हे खरं आहे, प्रत्येक बिलामागे दोन बटणं जास्त. म्हणूनच चारांवर थांबलो. उत्साहाने हळद वेगळी, कांदा-लसूण मसाला वेगळा अशी पंधरा नावं करणाऱ्यांचं सगळं दोन महिन्यांत ‘इतर’मध्ये जमा होतं, हे मी पाहिलंय. विजेचं बिल मिक्सरचं किती आणि दुकानातल्या फ्रिजचं किती, यावरही वाद घातला नाही. ते ‘सामाईक’मध्ये टाकलं.

खरी अडचण गल्ल्याची. विकलेलं पाकीट मसाल्याचं होतं हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? त्यासाठी गल्ल्याशेजारी दोऱ्याने बांधलेली एक वही आली. पाकीट गेलं की रेघ. रात्री रेघा मोजून आकडा माझ्याकडे. वहिनी देवळात गेल्या तरी रेघ ओढायची, हे भाऊजींना शिकवायलाच महिना गेला!

वर्ष झाल्यावर आकडे निघाले. मसाल्याची विक्री ७१,५०० रुपये. मिरची, धणे, खोबरं, कांडप आणि पिशव्या मिळून त्याचा खर्च ४६,०००. म्हणजे उरले २५,५००. आणि गावभर कौतुक होणारा फराळ? विक्री ३३,०००, खर्च ३१,५००. तीन आठवडे रात्री बारापर्यंत तळण करून हातात १,५०० रुपये.

यात वहिनींची स्वतःची मजुरी धरलेलीच नव्हती. मदतीला येणाऱ्या बायकांची मजुरी खर्चात आणि घरच्या बाईची शून्य, हे मला पटत नाही. ती धरायला हवी, निदान आपल्या समजुतीसाठी वेगळ्या कागदावर तरी. कराच्या हिशेबात ती कशी दाखवायची, दाखवायची की नाही, ते सीएला विचारावं. दिवसाला ३०० रुपये धरले. मसाल्याचे साठ दिवस म्हणजे १८,०००, ते वजा केले तरी ७,५०० उरतात. फराळाचे एकवीस दिवस म्हणजे ६,३००. तिथे मात्र ४,८०० रुपयांचा तोटा.

तो कागद पाहून वहिनी बराच वेळ गप्प होत्या. फराळ त्यांचा लाडका. पण या दिवाळीला त्यांनी अनारसे बंद केले, चकली आणि चिवडा फक्त आगाऊ ऑर्डरवर, तोही वाढीव भावाने. मसाला बंद करायचं आता घरात कुणी बोलत नाही.

परवा त्यांनी नवाच प्रश्न काढला. मसाला दुकानात किती खपतो आणि आठवडी बाजारात किती? त्यासाठी टॅलीत कॉस्ट कॅटेगरी असते, एकच रक्कम दोन तऱ्हांनी लावता येते. एप्रिलपासून ती चालू करतोय. बाजारासाठी दुसरी वहीही आणून ठेवलीय, दोऱ्यासकट.