मागचा ब्रेक आणि रॉडचा नट

मागचा ब्रेक नीट लागेनासा झाला की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो: रॉडच्या टोकाचा नट थोडा आवळायचा. पेडल वर येतं, गाडी थांबते, काम झालं असं वाटतं. जुन्या मोटारसायकलींचे ब्रेक याच सवयीने धोक्याचे होत जातात. नट आवळल्याने शू आणि ड्रममधली वाढलेली फट तेवढी भरून निघते. ती का वाढली हे कुणी बघत नाही.

पुतण्या गेल्या रविवारी दादाची जुनी स्प्लेंडर घेऊन आला. रॉडचे आटे संपत आले होते आणि दाबलेलं पेडल परत यायला वेळ लागत होता. ‘‘काका, शू टाकले की झालं ना?’’ शू संपलेच होते. ब्रेक दाबला की लिव्हरजवळचा बाण प्लेटवरच्या खुणेला टेकत होता. पण पेडल रेंगाळतं ते शूमुळे नाही, कॅममुळे. रॉड लिव्हर ओढतो, लिव्हर कॅम फिरवते आणि कॅम दोन्ही शू ड्रमवर दाबतो. पावसाळ्यात पाणी आणि चिखल शिरून कॅमचा दांडा गंजतो, अडखळतो. तसाच ठेवून नवे शू टाकले तर ते ड्रमला घासत राहतात आणि लवकर संपतात.

नटाचा आणखी एक तोटा आहे. ब्रेक पूर्ण लागतो तेव्हा रॉड आणि लिव्हर यांच्यात साधारण काटकोन असावा, म्हणजे पायाचा जोर पुरेपूर पोचतो. शू झिजल्यावर लिव्हर पुढे सरकते, काटकोन मोडतो आणि तेवढ्याच जोरात ब्रेक कमी लागतो. नट कितीही आवळला तरी हा कोन परत येत नाही.

चाक काढल्यावर आतली काळी भुकटी फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या. कॅम बाहेर काढून पॉलिश पेपरने घासा, रॉकेलने धुवा, वाळू द्या आणि ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावा. जास्त झालं तर ब्रेक तापल्यावर वितळून लायनरवर येतं, आणि ग्रीस प्यायलेला शू मी तरी पुन्हा लावणार नाही. ड्रमच्या झिजेची मर्यादाही बघा: 110 मिमीच्या ड्रमला ती 111 मिमी असते. त्यापुढे गेला तर नवे शू टाकून भागत नाही.

प्लेटला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या पट्टीकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या. ब्रेक लागताना प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते आणि तिला रोखून धरते ती हीच पट्टी. तिचा बोल्ट निघाला तर प्लेट फिरते, रॉड ओढला जातो आणि चाक जाम होऊ शकतं. म्हणून नटातली स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. जुनी सरळ करून पुन्हा वाकवायची काटकसर इथे चालत नाही.

ॲक्सलचा नट आवळताना कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा. शू ड्रमच्या बरोबर मधोमध बसतात. चेन ताणायची असेल तर आधी ताणा. चाक मागे सरकलं की ब्रेकही घट्ट होतो, म्हणून रॉडचा नट सगळ्यात शेवटी. ब्रेकलाइट कधी लागतो तेही बघा.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, या भीतीने आपल्याकडे कित्येक जण फक्त मागच्यावर गाडी चालवतात. ब्रेक लागताना वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. खरी थांबवण्याची ताकद पुढच्या चाकात असते. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांवर जोर जातो किंवा एबीएस असतं. दादाची गाडी त्याआधीची, म्हणून पुतण्याला पुढची केबलही तेव्हाच बघायला लावली.

आता रिकाम्या रस्त्यावर हळू फिरवा, दोन्ही ब्रेक हलकेच वापरत. परत आल्यावर मागच्या हबला जपून हात लावा. चटका बसला तर शू घासतायत. नट थोडा सैल करा आणि पुन्हा एक फेरी मारा.