नदीच्या साहित्यातला गैरहजर मासा

मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला 'मानसोल्लास' हे नाव पाठ असते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथ. त्याच्या संगीतविषयक भागात जुन्या मराठीचे काही नमुने सापडतात, म्हणून मराठीच्या उत्पत्तिकालाविषयी उत्तर लिहिताना त्याचा हवाला द्यावा लागतो. हवाला दिला, गुण मिळाले, की ग्रंथ मिटतो. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. गळाने मासे धरणे ही तिथे राजाची एक करमणूक आहे, आणि राजाने ती नीट समजून घ्यावी अशी ग्रंथकर्त्याची अपेक्षा दिसते. माशांच्या जाती, कोणत्या जातीला कोणते आमिष, दोरी कशाची, काठी कशी, हे सारे तिथे शिस्तीने येते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकरांनी 'मानसोल्लास' संपादित केला, आणि १९५१ साली सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. होरा प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. साहित्याच्या अभ्यासकांना त्या प्रकरणाकडे वळावेसे वाटले नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय हे न वाटणे हाच आहे.

इंग्रजीत याच विषयाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इझाक वॉल्टनचा 'द कम्प्लीट अँग्लर' १६५३ सालचा, म्हणजे सोमेश्वरानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी आलेला. पण त्याच्यामागे एक परंपरा उभी राहिली. नॉर्मन मॅक्लीनच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९७६) या कथेत गळ टाकण्याच्या लयीतून एका कुटुंबाची शोकांतिका उलगडते. आजही अमेरिकेत कयाकमध्ये बसून दिवसभर नदीने खाली जात स्मॉलमाउथ बास पकडणे हा छंद आहे, आणि तसा एक दिवस शब्दांत मांडणे हा ललित लेखनाचा रुळलेला प्रकार आहे. या लेखनाची खरी जमेची बाजू कोणती? बास हा मासा खडकाळ तळाचा आणि वाहत्या पाण्याचा. तो हवा असेल तर खडकामागे पाणी कुठे मंदावते, ऊन चढल्यावर मासा कोणत्या खोलीला उतरतो, हे कळावे लागते. नदीला नुसते सुंदर म्हणून भागत नाही. गळ टाकणाऱ्याला नदी वाचावी लागते, आणि त्या वाचनातून निरीक्षणाचे गद्य घडते.

मराठीत नदी भरपूर आहे. 'गाथासप्तशती'त गोदाकाठ संकेतस्थळ म्हणून येतो, 'लीळाचरित्रा'त तो चक्रधरस्वामींच्या भ्रमणाची भूमी म्हणून येतो. मासाही आहे, पण कसा? संतकाव्यात पाण्याबाहेर तडफडणारी मासोळी ही विरहाची उपमा आहे. 'मत्स्यन्याय' ही राजनीतीची संज्ञा आहे. 'पाण्यात राहून माशाशी वैर' या म्हणीत पाणी म्हणजे सत्ता आणि मासा म्हणजे सत्ताधारी. 'गळाला लागणे', 'जाळ्यात ओढणे' हे तर फसवणुकीचे वाक्प्रचार झाले. म्हणजे भाषेने गळ ठेवला, जाळे ठेवले, तडफडही ठेवली. तो मासा कोणत्या जातीचा, कोणत्या डोहातला, हे तेवढे वगळले. पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या कादंबरीचा अनुवाद 'एका कोळियाने' (१९६५) या नावाने केला. शीर्षक अतिशय चतुर, पण ते वाचताना मराठी वाचकाला आठवतो तो शाळेतल्या कवितेतला जाळे विणणारा जीव. आपल्या सुशिक्षित भाषेत कोळी या माणसाला स्वतःच्या शब्दापाशीसुद्धा जाळे विणणाऱ्या त्या जिवाशी वाटणी करावी लागते.

याचे कारण केवळ शाकाहारात शोधणे सोपे आहे, पण अपुरे आहे. ज्यांच्या हाती लेखणी होती ते पाण्यात उतरले ते स्नानापुरते. जे दिवसभर पाण्यात होते त्या भोई, कोळी, भिल्ल समाजांच्या हाती लेखणी फार उशिरा आली. घाटाच्या पायरीवरून दिसणारी नदी आणि कमरेएवढ्या पाण्यातून जाणवणारी नदी या दोन निराळ्या नद्या आहेत. मराठी साहित्याने पहिलीचे वर्णन केले आणि तीच पूर्ण नदी मानली.

दुसऱ्या नदीची भाषा नव्हती असे मात्र नाही. तिचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी मुंबई इलाख्याची सांख्यिकी माहिती गोळा करत दख्खनभर हिंडला आणि १८३९ साली त्याने येथील माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नवीन जातींना लॅटिन नावे देताना त्याने अनेकदा स्थानिक नावेच उचलली. महाशीर कुळातल्या दख्खनी माशाचे 'टोर खुद्री' हे नाव त्यातलेच. कोलस, मुल्या, बोगट, फुलंगी, शिंघाळा हे शब्दही असेच जगभरच्या संग्रहालयांतील चिठ्ठ्यांवर जाऊन बसले. शब्द सांगणारे इथले मासेमार होते, टिपणारा परका होता, आणि ते जपले गेले लॅटिनमध्ये. त्यांपैकी किती शब्द मराठीच्या शिक्षकांच्या कानावरून गेले असतील, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

नाशिकमध्ये हा प्रश्न अधिक टोचतो. इथे गोदावरीला लोक सरळ 'गंगा' म्हणतात. ब्रह्मगिरीवर उगम, १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण, शहराच्या मध्यभागी रामकुंड, आणि पुढे कादवा मिळते तिथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा: एका जिल्ह्यात नदीची चार रूपे. नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. तिथे येणाऱ्या पक्ष्यांच्या याद्या आहेत, गणना आहेत, आणि मारुती चितमपल्लींसारख्या लेखकांमुळे पक्ष्यांना मराठीत नावे आणि प्रतिष्ठा दोन्ही आहेत. पण पक्षी तिथे येतात ते ज्याच्यासाठी, तो मासा आपल्या लेखनात पक्ष्याच्या चोचीत तेवढा दिसतो. सिंहस्थ जवळ आला की नदीच्या शुद्धतेची चर्चा होते. तिचा निकष मात्र स्नान हा असतो. या पाण्यात पूर्वी कोणता मासा होता आणि आता कोणता नाही, या कसोटीवर नदी पाहायची तर त्या माशाचे नाव आधी माहीत असावे लागते. ज्याला नाव नाही त्याचे जाणे जाणवत नाही.

जाणे तर चालूच आहे. जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि त्यांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते. परदेशी तिलापिया 'चिलापी' होऊन बाजारात केव्हाच रुळला. पोट भरण्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण बाजारात जे नाव उच्चारले जात नाही ते एका पिढीत विसरले जाते, आणि शिंघाळा, मरळ, वाम यांची पाटी रिकामी राहू लागली की शब्दही मुका होतो.

आता अपेक्षित आक्षेप. कयाकमधून मासे पकडणे ही सुखवस्तूंची चैन. तिचे अनुकरण मराठीने का करावे? आक्षेप रास्त आहे. आपल्या जलाशयांवर माणूस कयाकमध्ये नसतो; तो ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून, हातांनी पाणी मागे सारत, संध्याकाळी लावलेले जाळे पहाटे उचलायला निघालेला असतो. पकडलेला मासा परत पाण्यात सोडण्याची उदारता त्याला परवडत नाही. शिवाय छंद म्हणून केलेली मासेमारी निष्पापही नाही. अमेरिकेतल्या शौकिनांनी स्मॉलमाउथ बास त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर नेऊन सोडला आणि तिथल्या देशी माशांवर संकट आणले. आपली खुद्री लोणावळ्याजवळच्या केंद्रात वाढवून दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली, आणि आज कावेरीत ती तिथल्या उंच पाठीच्या महाशीराच्या मुळावर आली आहे. म्हणून मला हा छंद उसना आणायचा नाही. मला हवी आहे ती त्या लेखनातली नजर. कयाक आणि ट्यूब यांत एक साम्य आहे: दोन्हींवर बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून हातभर अंतरावर असतात. फरक इतकाच की एकाने आपला दिवस लिहून काढला आणि दुसऱ्याला कोणी विचारलेच नाही.

दलित आणि ग्रामीण साहित्याने मराठीला शेताची, वाड्याची, वस्तीची भाषा दिली, आणि तिच्यामागून आपले समीक्षेचे निकषही बदलले. गोड्या पाण्याच्या बाबतीत ते अजून व्हायचे आहे. ते शहरी हौशी लेखकाने नदीकाठी दोन दिवस राहून होणार नाही. भोई-कोळ्यांच्या घरातून महाविद्यालयात आलेली मुले लिहितील तेव्हा होईल. पण त्या मुलांना आपल्या आजोबांचे शब्द वर्गात आणण्याजोगे आहेत, एवढा विश्वास वाटायला हवा, आणि तो देणे शिक्षकाच्या हाती आहे. बोलीविज्ञानाचा प्रकल्प दरवर्षी द्यावा लागतोच. गंगापूरपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत माशांची, जाळ्यांची, पाण्याच्या खोलीची आणि प्रवाहाच्या वळणांची नावे गोळा करा, साइक्सच्या यादीशी ताडून पाहा, आणि जे शब्द आता कुणालाच आठवत नाहीत त्यांच्यापुढे तसे नोंदवा, एवढे एक वर्ष सांगून पाहावे. त्या कोऱ्या जागा मोजल्यावर गोदावरीविषयी जे वाक्य लिहावेसे वाटेल, ते आजवरच्या कुठल्याही नदीवर्णनात नाही.