आधी नवऱ्याची तपासणी

आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत प्रत्येक जननक्षम जोडप्यापुढे मुले किती आणि कुटुंबनियोजनाचे साधन कोणते, हे लिहिलेले असते. दोन मुले असली की शस्त्रक्रियेचा आग्रह, एक असले की तांबीचा. मुलांच्या रकान्यात लग्नाला पाच वर्षे होऊनही शून्य असेल, तर त्या घरी काय विचारायचे हे मात्र आपण तिला फारसे शिकवलेले नाही. 1952 साली सुरू झालेल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाला मुले जास्त होण्याची काळजी होती. ती न होण्याची काळजी त्याने सासू, देव आणि भगतावर सोडली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार साधारण सहापैकी एका प्रौढाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यांत ही माणसे येतात ती बहुधा बाईच्या नावाची फाइल घेऊन. सोनोग्राफी तीनदा, थायरॉइड दोनदा, लेट्रोझोलचे पाच-सहा महिने. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा कागद त्यात नसतो. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने असते, हे आपण सगळे शिकलो आहोत. तरी पहिली चिठ्ठी बाईच्याच नावाने फाडतो. आमच्या मते आपल्या व्यवसायातला हा सर्वांत कमी खर्चात सुधारता येणारा दोष आहे.

ही तपासणी स्वस्त असली तरी नीट व्हायला हवी. दोन ते सात दिवसांचा संयम, पूर्ण नमुना, तासाभरात तपासणी. घरून आणलेला नमुना बसने दोन तास हिंदकळत गोंदियाला पोहोचला, तर त्या अहवालावर विसंबू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मधल्या काळात मलेरियाचा ताप येऊन गेला असेल, तर एका खराब अहवालावर निकाल देऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आणि कागद बघण्याआधी माणूस तपासा. वृषणे, व्हेरिकोसील, अंडवृद्धी हे सगळे हाताला कळते. हत्तीरोगाच्या या पट्ट्यात तर ही तपासणी टाळायला सबबच नाही.

इतिहास घेताना इथले जगणे माहीत असावे लागते. खर्रा दिवसाला किती? उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये भट्टीजवळ काम आहे का? जिममधल्या कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दिली आहेत का? सिकलसेलचा रुग्ण हायड्रॉक्सियुरियावर आहे का? या औषधाने शुक्राणू घटू शकतात. मूल हवे असलेल्या तरुणाशी ते सुरू करण्याआधीच बोलायला हवे. मनाने बंद करणे त्याच्या जिवावर बेतेल, हेही त्याच वेळी सांगायला हवे. आणि सगळ्यात साधा प्रश्न: धान निघाल्यावर नवरा बाहेरगावी कामाला जातो का? वर्षातले सात-आठ महिने जोडपे एकत्रच नसेल, तर ‘वर्ष झाले, दिवस जात नाहीत’ या तक्रारीचा हिशेब वेगळा होतो.

बाईची तपासणी गौण नाही, अर्थातच. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी तपासणी व उपचार झालेल्या जेमतेम 8 टक्के. अंगावर काढलेला असा संसर्ग पुढे गर्भनलिका बंद करतो. क्षयही तेच करतो, बहुतेक वेळा खोकल्यावाचून. औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. पण नुसत्या एका पीसीआरवर सहा महिन्यांचा कोर्स सुरू करण्याची घाई नको. बाईचे वय 35 च्या पुढे असेल, तर वर्षभर थांबू नका, सहा महिन्यांतच पुढे पाठवा.

पुढे म्हणजे बहुधा नागपूर, रेल्वेने साधारण 130 किलोमीटर. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. प्राथमिक तपासण्यांसाठी नागपूर गाठायची गरज नाही. आयव्हीएफचा खर्च मात्र आयुष्मान भारत योजनेत बसत नाही, हे जमीन गहाण पडण्याआधी सांगा. सहाय्यक प्रजननाबाबतच्या 2021 च्या कायद्याने आययूआय करणाऱ्या केंद्रालाही नोंदणी सक्तीची आहे. रुग्णाला पाठवण्याआधी ती तपासा.

बोलण्याचेही थोडे. सासूसमोर विचारू नका. नवऱ्याचा अहवाल नवऱ्यालाच द्या, सोबत आलेल्या मोठ्या भावाला नव्हे. बायकोला कसे सांगायचे ते दोघांना बसवून ठरवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानासाठी गरोदर बायांची रांग लागते. डोहाळजेवणाला, ओटीला न बोलावल्या जाणाऱ्या बाईला त्या रांगेत बसवायचे नाही, एवढे आपल्या हातात आहे. तिला दुसरा दिवस द्या, आणि नवऱ्यासह बोलवा.

आपल्या भागातल्या आशाताईंना या महिन्यात एकदा बसवून घ्या आणि मुलांच्या रकान्यात शून्य असलेल्या घरी काय विचारायचे, काय विचारायचे नाही, ते सांगा. त्यातून आलेल्या जोडप्यांचे अनुभव नावगाव वगळून आमच्याकडे पाठवा. ते आम्ही छापू.