टोमण्यांनी वजन उतरत नाही

लठ्ठपणा टाळण्यासाठी स्वयंपाकातले तेल दहा टक्के कमी करा, असे पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून सांगितले. तेल कमी करता येईल. टोमणे कोण कमी करणार?

वर्गात ‘ढोल्या’, लग्नाच्या बैठकीत ‘मुलगी छान आहे, पण अंगाने जरा जास्त’, दवाखान्यात ‘आधी वजन उतरवा, मग बघू’. माणसाला लाज वाटली की तो सुधारतो, असे आपण धरून चालतो. ते खोटे आहे. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या चार वर्षांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजनावरून भेदभाव सोसलेल्यांमध्ये नव्याने लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे अडीचपट आढळली. यात नवल नाही. हिणवलेली मुलगी मैदानात उतरत नाही, डॉक्टरांकडे जायचे टाळते आणि दुखरे मन गोडधोडात रमवते.

आळसाचा आरोपही असाच पोकळ. नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला जायचे तर सकाळ आपल्या मालकीची हवी. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याची ती नसते. झोप तुटली की भूक वाढते, आणि सुटल्यावर समोर दिसतो तो वडापाव. घरातली बाई दिवसभर राबते, सगळ्यांचे झाल्यावर जेवते, उरलेले ‘वाया नको’ म्हणून संपवते. तिच्या कामाला व्यायाम म्हणायचे आणि वजनाला आळस. शिवाय थायरॉईडचा विकार असतो, नैराश्यावरच्या काही औषधांनी वजन वाढते. आळशीपणाचा शिक्का मारणारे यातले काही विचारत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे वा लठ्ठ आढळले. इतक्या माणसांचा मनोनिग्रह एकाच वेळी ढासळला, असे कोणी म्हणू शकेल का?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. रुग्णाला वजनकाट्यावर उभे करण्याआधी त्याची झोप, कामाची पाळी, चालू औषधे आणि घरातला ताण विचारायला भावी डॉक्टरांना शिकवण्याची सुरुवात त्याने करावी. आणि शाळांनी वर्गासमोर मुलांची वजने मोठ्याने वाचणे आजच थांबवावे.